बुरशीला दाद न देणारी फळी: लागवडीचं सूचिपर्णी लाकूड पारखायचं कसं

पाइन, स्प्रूस, लार्च, डग्लस फर, सीडर. यांपैकी काहीही बाहेर उघड्यावर वापरायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘टिकेल का?’ उत्तर बहुतेक वेळा जातीच्या नावावरून दिलं जातं: सीडर टिकतं, लार्च बरं, पाइन कुजतं. नैसर्गिक जंगलातल्या दोन-तीनशे वर्षांच्या झाडांचं लाकूड मिळत होतं तोवर हे ढोबळ उत्तर चालून जायचं. लागवडीतली झाडं मात्र बरीच लवकर तोडली जातात. न्यूझीलंडमधलं रेडिएटा पाइन साधारण पंचवीस ते तीस वर्षांतच तोडीला येतं. अशा तरुण लाकडात जातीच्या नावापेक्षा तीन गोष्टींना जास्त वजन द्यावं लागतं: फळी ओंडक्याच्या कुठल्या भागातून निघाली, झाडाचं वय काय होतं, आणि बसवल्यावर ती किती काळ ओली राहणार. खाली दिलेली रीत याच क्रमाने जाते.

पायरी १: आधी गाभा शोधा

खोडाच्या बाहेरच्या ज्या भागातून पाणी वर चढतं ते रसकाष्ठ. आतला भाग, ज्याचं पाणी वाहून नेण्याचं काम संपलेलं असतं, तो गाभा किंवा मध्यकाष्ठ. रसकाष्ठाचा गाभा होताना एक महत्त्वाची गोष्ट घडते. रसकाष्ठात थोड्या जिवंत पेशी असतात, त्या मरण्यापूर्वी साठवलेलं पिष्ट आणि साखर खर्च करून बुरशीला त्रासदायक अशी द्रव्यं बनवतात. पाइनमध्ये ती पिनोसिल्विन आणि त्याच्या जवळची संयुगं असतात, सोबत राळेतली आम्लं. लार्च आणि डग्लस फरमध्ये टॅक्सिफोलिन असतं. वेस्टर्न रेड सीडरमध्ये थुजाप्लिसिनं असतात. यांपैकी एक, हिनोकिटिऑल, जपानी रसायनशास्त्रज्ञ तेत्सुओ नोझोए यांनी १९३६ मध्ये तैवानच्या हिनोकी लाकडातून वेगळं केलं. सात कार्बन अणूंचं कडं असलेलं ते संयुग रसायनशास्त्रातही एक नवी वाट उघडून गेलं.

ही द्रव्यं बुरशीला थेट विषारी ठरतातच. त्याशिवाय काही द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात आणि मोकाट रेणूखंड (फ्री रॅडिकल्स, म्हणजे झटकन अभिक्रिया करणारे रेणूंचे तुकडे) शोषून घेतात. हे महत्त्वाचं आहे, कारण सूचिपर्णी लाकडाची मुख्य शत्रू असलेली तपकिरी कूज लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या अभिक्रियेनेच लाकडाची वीण उसवायला सुरुवात करते. रसकाष्ठात हा साठा नसतो, उलट बुरशीला आयतं अन्न असतं. म्हणून पहिला नियम पक्का धरा: जात कुठलीही असो, रसकाष्ठ टिकाऊ धरायचं नाही. सीडरचंही नाही. युरोपीय मानक ईएन ३५० तर वेगळा पुरावा नसेल तेव्हा रसकाष्ठाला सरळ सर्वांत खालच्या वर्गात टाकतं.

आता प्रत्यक्ष फळीत गाभा ओळखायचा कसा? फळीचं टोक धारदार पटाशीने किंवा बारीक दातांच्या करवतीने ताजं कापा आणि उजेडात धरा. पाइन, लार्च, डग्लस फर, सीडर यांत गाभा लालसर किंवा तपकिरी दिसतो आणि रसकाष्ठ फिकट पिवळसर. सीमा बहुतेक वेळा एखाद्या वर्षवलयाला धरून जाते, पण थोडी वाकडीतिकडीही असते. पाइनचा रंग ताज्या कापावर पुसट वाटला तर फळी काही दिवस उजेडात ठेवून पुन्हा पाहा, गाभा गडद होतो. स्प्रूस आणि फर यांत मात्र रंगाचा फरक जवळजवळ नसतो. तिथे ओलं लाकूडच मदतीला येतं. नुकत्याच तोडलेल्या ओंडक्याच्या छेदावर रसकाष्ठाचं कडं पाण्याने भरलेलं, गडद दिसतं, कारण त्यात कोरड्या लाकडाच्या वजनाइतकं किंवा त्याहूनही जास्त पाणी असतं. गाभ्यात ते बरंच कमी, अनेकदा ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास. लाकूड वाळलं की ही खूण जाते.

प्रयोगशाळेत पाइनचा गाभा रंगद्रव्याच्या चाचणीने लाल करून दाखवतात. त्यातल्या ऑर्थो-अ‍ॅनिसिडीनमुळे कर्करोगाचा धोका संभवतो, त्यामुळे ती घरी करू नये. राळेच्या वासावरूनही निष्कर्ष काढू नका. राळेने चिंब झालेला तुकडा पाणी कमी पितो हे खरं, पण वास येणारी प्रत्येक फळी टिकाऊ नसते.

पायरी २: झाडाचं वय वाचा

लागवडीच्या लाकडाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतात, म्हणून जरा थांबून पाहू.

झाड काही वर्षांचं झाल्याशिवाय त्यात गाभा धरतच नाही. धरल्यावरही तो हळूहळू बाहेर सरकतो. त्यामुळे तरुण झाडात गाभा कमी असतो, आणि डोळ्यांना वाटतो त्याहूनही कमी असतो. ३० सेंमी व्यासाचा ओंडका घ्या आणि गाभ्याचा व्यास १५ सेंमी धरा. पाहताना निम्मा गाभा आहे असं वाटतं. क्षेत्रफळ मोजलं तर तो फक्त २५ टक्के भरतो. उरलेलं ७५ टक्के रसकाष्ठ.

दुसरी गोष्ट, तो २५ टक्के गाभाही सगळा सारखा नसतो. खोडाच्या अगदी मध्याजवळची पहिली दहा-वीस वलयं म्हणजे झाडाच्या बाल्यावस्थेतलं लाकूड. त्याची घनता कमी असते, ते लांबीच्या दिशेनेही आकसतं, पिळवटतं. टिकाऊपणातही ते मागे पडतं. रेड सीडर, रेडवूड, लार्च, स्कॉट्स पाइन अशा अनेक जातींत एकच चित्र दिसतं: संरक्षक द्रव्यं गाभ्याच्या बाहेरच्या कडेला सर्वांत जास्त आणि मध्याकडे जाताना कमी होत जातात. याची दोन कारणं आहेत. लहान वयात झाडाने ती कमीच बनवलेली असतात, आणि जी बनवली ती काळाबरोबर बदलून निष्प्रभ होतात. वरच्या उदाहरणात मध्याभोवतीचा ८ सेंमी व्यासाचा भाग वगळला तर ओंडक्याचे आणखी ७ टक्के गेले. खरोखर भरवशाचं लाकूड उरलं १८ टक्क्यांच्या आसपास, तेही एका अरुंद कड्यात.

तिसरी गोष्ट बांधकाम करणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावी. तरुण झाडात सर्वांत मजबूत, सरळ रेषांचं लाकूड बाहेरच्या बाजूला, म्हणजे रसकाष्ठात असतं. टिकाऊ गाभा मात्र मध्याकडच्या कमकुवत लाकडात येतो. जुन्या झाडात मजबुती आणि टिकाऊपणा एकाच फळीत मिळायचे. लागवडीच्या झाडात बहुधा दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

वय ओळखायला फळीच्या टोकावरची वलयं पाहा. वलयांचा बाक फार असेल, म्हणजे लहान वर्तुळाचे तुकडे दिसत असतील, तर फळी मध्याजवळची आहे. बाक जवळजवळ सरळ रेषेसारखा असेल तर ती बाहेरून निघाली आहे. मधला गर (खोडाच्या अगदी केंद्रातला मऊ धागा) फळीत दिसत असेल तर ती फळी बाहेरच्या कामाला घेऊच नये, कारण ती हमखास चिरते आणि चिरेत पाणी शिरतं. आणखी एक सांगावंसं वाटतं: वलयं रुंद म्हणजे लाकूड लवकर कुजणारच, असा सरळ नियम नाही. झाड भराभर वाढलं हा दोष नसतो, ते लवकर तोडलं हा असतो.

एकाच लागवडीतल्या दोन झाडांतही खूप फरक पडतो. स्कॉट्स पाइनवर झालेल्या अभ्यासांत पिनोसिल्विनचं प्रमाण झाडागणिक बरंच बदलतं आणि तो गुण बराचसा आनुवंशिक असतो असं दिसलं आहे. लागवड करणाऱ्यांसाठी ही मोठी आशेची गोष्ट आहे. सरळ खोड आणि वेगवान वाढ यांसाठी निवड होते, तशी टिकाऊ गाभ्यासाठीही करता येईल.

पायरी ३: वर्ग आणि अहवाल नीट वाचा

ईएन ३५० मध्ये बुरशीविरोधी टिकाऊपणाचे पाच वर्ग आहेत: १ म्हणजे अत्यंत टिकाऊ, ५ म्हणजे टिकाऊ नाही. हे वर्ग गाभ्याचे असतात, हे विसरू नका. या यादीत लागवडीचा परिणाम उघड दिसतो. उत्तर अमेरिकेतलं वेस्टर्न रेड सीडर वर्ग २ मध्ये, ब्रिटनमध्ये लावलेलं वर्ग ३ मध्ये. अमेरिकेतलं डग्लस फर वर्ग ३, युरोपात लावलेलं ३ ते ४. स्कॉट्स पाइन आणि युरोपीय लार्च ३ ते ४. नॉर्वे स्प्रूस ४. रेडिएटा पाइन ४ ते ५.

हे वर्ग ठरवायची प्रयोगशाळेतली पद्धत अशी: लाकडाचे छोटे ठोकळे बुरशी वाढलेल्या भांड्यात १६ आठवडे ठेवतात आणि किती वजन घटलं ते मोजतात. सूचिपर्णी लाकडासाठी कोनिओफोरा प्युटियाना ही तपकिरी कूज करणारी बुरशी नेहमीची. घट ५ टक्क्यांपर्यंत असेल तर वर्ग १, १० पर्यंत २, १५ पर्यंत ३, ३० पर्यंत ४, त्यापुढे ५. विक्रेत्याने अहवाल दाखवला तर चार प्रश्न विचारा. ठोकळे गाभ्याचे होते का, आणि गाभ्याच्या कुठल्या भागातले? किती वेगवेगळ्या झाडांतून घेतले? चाचणीआधी ते पाण्यात भिजवून काढले होते का? (सीडरमधली बरीच द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात, म्हणून हे विचारायचं.) आणि तुलनेला ठेवलेलं पाइनचं रसकाष्ठ त्याच चाचणीत चांगलं कुजलं का? ते कुजलं नसेल तर बुरशीच मरगळलेली होती आणि बाकी सगळे आकडे कुचकामी.

वजनाच्या घटीला मजबुतीची घट समजू नका. तपकिरी कुजीत सेल्युलोजचे लांब धागे अगदी सुरुवातीलाच तुटतात. वजन जेमतेम काही टक्के कमी झालेलं असतं, तेव्हाच आघात सोसायची ताकद मोठ्या प्रमाणात गेलेली असते.

पायरी ४: जागा किती ओली राहते ते मोजा

लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर कूज होत नाही. पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरल्या, म्हणजे साधारण २८-३० टक्क्यांच्या वर गेलं, की बुरशीला मोकळं रान मिळतं. तिला हवाही लागते, म्हणून पाण्यात पूर्ण बुडालेला खांब अनेक दशकं टिकतो आणि तोच खांब पाण्याच्या पातळीजवळ कुजतो. बहुतेक बुरशींना २० ते ३० अंश सेल्सिअस मानवतं.

वापराच्या जागा ईएन ३३५ मध्ये अशा लावल्या आहेत: १ घरात कोरडं, २ छताखाली पण कधीमधी ओलं, ३ बाहेर पण जमिनीला न टेकलेलं, ४ जमिनीत किंवा गोड्या पाण्यात, ५ समुद्रात. तिसऱ्याचे दोन भाग आहेत, लवकर वाळणारं आणि ओल धरून ठेवणारं. माझ्या मते सगळा निर्णय याच फरकावर फिरतो. तीच लार्चची फळी भिंतीवर उभी, मागे हवा खेळती ठेवून लावली तर दीर्घकाळ चांगली राहते, आणि दोन फळ्यांच्या सांध्यात पाणी कोंडलं तर काही वर्षांत खचते.

हवामानाचा अंदाज घ्यायला थिओडोर शेफर यांनी १९७१ मध्ये मांडलेला निर्देशांक फार सोयीचा आहे. तो जमिनीच्या वर असलेल्या लाकडासाठी आहे. प्रत्येक महिन्यासाठी सरासरी तापमानातून २ वजा करा, पावसाच्या दिवसांतून ३ वजा करा (ज्या दिवशी ०.२५ मिमी किंवा जास्त पडला तो पावसाचा दिवस), दोन्हींचा गुणाकार करा, बारा महिन्यांची बेरीज घ्या आणि १६.७ ने भागा. उत्तर ३५ च्या खाली असेल तर धोका कमी, ६५ च्या वर असेल तर जास्त. २७ अंश सरासरीचा, २० पावसाळी दिवसांचा एकच महिना धरला तर २५ × १७ = ४२५, म्हणजे त्या एका महिन्याचेच २५ हून जास्त गुण झाले. १० अंश आणि १२ दिवसांच्या महिन्याला मात्र चारच्या आसपास मिळतात. थंड देशातले टिकाऊपणाचे अनुभव उष्ण, पावसाळी भागात जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, ते या दोन आकड्यांत दिसतं.

लाकूड पाणी किती वेगाने पितं हेही पाहावं. स्प्रूसचा वर्ग कागदावर कमी आहे, पण वाळल्यावर त्याच्या पेशींमधली छिद्रं मिटतात आणि ते पाणी सावकाश पितं. पाइनचं रसकाष्ठ भराभर पितं. त्यामुळे जमिनीपासून दूर, उघड्या भिंतीवर स्प्रूस त्याच्या वर्गापेक्षा बरं वागतं.

पायरी ५: शक्य असेल तर स्वतः चाचणी लावा

मोठं काम असेल, किंवा एकाच लागवडीतून वर्षानुवर्षं लाकूड घ्यायचं असेल, तर ही मेहनत वसूल होते. ५०० × ५० × २५ मिमीचे खुंटे कापा, ईएन २५२ या मानकातलं माप हेच आहे. गाभ्याचे खुंटे निरनिराळ्या झाडांतले घ्या, किमान दहा. तेवढेच खुंटे पाइनच्या रसकाष्ठाचे, तुलनेसाठी. प्रत्येकावर गंज न चढणारा बिल्ला लावा. सगळे एकाच जमिनीत, सरमिसळ करून, अर्धे गाडा. दर वर्षी एकदा उपसून माती पुसा, पाहा, हलका फटका मारा आणि ० ते ४ गुण द्या: ० धडधाकट, ४ मोडला.

सगळे मोडेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मग गाभ्याच्या खुंट्यांचं सरासरी आयुष्य रसकाष्ठाच्या सरासरी आयुष्याने भागा. पाचपटीपेक्षा जास्त आलं तर वर्ग १, तीन ते पाच पट २, दोन ते तीन पट ३, १.२ ते दोन पट ४, त्याखाली ५. वाळवी असलेल्या जमिनीत किडीचं नुकसान वेगळं नोंदवा, कारण बुरशीला दाद न देणारं लाकूड वाळवीलाही देणार नाही असं नसतं.

जमिनीला न टेकणाऱ्या वापरासाठी दुसरी मांडणी करा. फळ्यांचे दोन थर एकमेकांवर ठेवा, वरचा थर अर्ध्या फळीने सरकवलेला. मधे पाणी अडकतं आणि ओल धरणारा सांधा कसा वागेल ते कळतं.

पायरी ६: बसवताना आणि संरक्षण देताना

फळीचं टोक बाजूपेक्षा कित्येक पट वेगाने पाणी पितं. म्हणून टोकं झाका, सील करा किंवा खाली पाणी निथळेल असा उतार द्या. फळ्यांत ५-६ मिमीची फट सोडा. खांब काँक्रीटमध्ये गाडण्याऐवजी धातूच्या बुटावर उभा करा. भिंतीवरचं लाकूड जमिनीपासून २०० ते ३०० मिमी वर ठेवा, म्हणजे उडणाऱ्या शिंतोड्यांपासून ते वाचतं. ओल्या लाकडावर जाड रंग चढवू नका, पाणी आतच कोंडतं.

वर्ग ३ ते ५ चं लाकूड जमिनीत घालायचं असेल तर दाबाखाली रसायन मुरवणं किंवा लाकडाचीच रचना बदलणं याला पर्याय नाही. इथे रसकाष्ठाचा दुबळेपणा उपयोगी पडतो: पाइनचं रसकाष्ठ रसायन छान पितं, गाभा मात्र नाकारतो. म्हणून जमिनीतल्या खांबासाठी भोवती रसकाष्ठाचं पूर्ण कडं असलेला गोल खांब चौकोनी कापलेल्या खांबापेक्षा चांगला. सगळी कापणी आणि भोकं मुरवण्याआधी करा. नंतर कापलंच तर उघडं पडलेलं लाकूड पुन्हा माखा आणि कापलेलं टोक जमिनीत जाऊ देऊ नका. बोरेट (बोरॉनयुक्त संरक्षक रसायन) पाण्याने निघून जातं, ते झाकलेल्या जागीच वापरा. रसायन मुरवलेल्या लाकडाचे तुकडे जाळू नयेत, विशेषतः आर्सेनिक असलेले. अ‍ॅसिटिलीकरण केलेलं, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने पाणी कमी शोषेल असं बदललेलं, रेडिएटा पाइन जमिनीतही चालतं. उष्णतेने बदललेलं लाकूड ठिसूळ होतं, ते जमिनीबाहेर आणि भार नसलेल्या जागी ठेवा.

पायरी ७: दर वर्षी तपासा

कूज सुरू होते ती ठरावीक जागी: खांब जमिनीत शिरतो तो पट्टा, सांधे, स्क्रूची भोकं, फळ्यांची टोकं. तिथे आर किंवा टोकदार स्क्रू ड्रायव्हर तिरका खुपसून लाकडाची एक सळी वर उचकटा. निरोगी लाकूड करकर आवाज करत लांब, तंतुमय सळी देतं आणि ती एका टोकाला चिकटून राहते. कुजायला लागलेलं लाकूड हत्याराच्या वरच आखूड तुटतं, जवळजवळ आवाज न करता. वरून रंग ठीक असतानाही ही खूण दिसते, म्हणून ती सर्वांत मोलाची. पुढे लाकूड तपकिरी होऊन उभ्या-आडव्या चिरांनी चौकोनी खडे पडतात आणि ते चिमटीत चुरले तर बारीक भुकटी होते. निळा डाग पडला असेल तर घाबरू नका. तो डाग पाडणारी बुरशी लाकूड फारसं दुबळं करत नाही, पण इथे ओल आहे एवढं ती नक्की सांगते.

मॉइश्चर मीटर वापरत असाल तर जातीप्रमाणे दुरुस्ती लावा. क्षारयुक्त रसायन मुरवलेल्या लाकडात विजेच्या रोधावर चालणारा मीटर आकडा फुगवून दाखवतो.

कूज सापडलीच तर आधी पाणी कुठून येतं ते बंद करा. मग कुजलेला भाग कापताना दिसणाऱ्या कडेशी थांबू नका, बुरशीचे तंतू पुढे गेलेले असतात. सळी पुन्हा लांब आणि करकरत निघेपर्यंत मागे या, आणि तिथून पुढे नवा तुकडा जोडा, गाभ्याचा आणि मध्याच्या गरापासून दूरचा.